डाव्या पंखातली आडवी शीर

बशीवरचं काचेचं झाकण मी उचललं तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि कुमुदबाई डाकबंगल्याच्या खानसाम्याला, सखाराम गावड्याला, घेऊन ओढ्यावर गेल्या होत्या. बशीत ओली वाळू, वाळूवर टीपकागदाचा तुकडा आणि कागदावर एक माशी. वर्षभर डबीत राहून ती वाळक्या गवतकाडीसारखी कडक झाली होती. रात्रभर दमट हवा लागल्यावर जरा मऊ पडली होती. मी अगदी बारीक कुंचला पाण्यात बुडवला, पोटाला चिकटून बसलेल्या तिच्या डाव्या पंखाखाली सरकवला आणि रामाचं नाव घेत घेत पंख उलगडला.

पंख सुटला. कुठे फाटला नाही. मी भिंग पुढे ओढून पाहिलं, आणि कुंचला हातात तसाच राहिला.

हा एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा कार्तिक. जागा आंबोलीचा डाकबंगला. मी तेव्हा सावंतवाडीकडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. परशुराम आरोंदेकर हे नाव हजेरीपुरतं. बाकी गावाला मी मास्तर. कुमुद तेरेदेसाई कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत त्या आंबोलीला येऊन राहत, कारण त्यांना ज्या माशा हव्या असत त्या पाऊस सरल्यावर इथल्या ओढ्याकाठच्या शेवाळावर सापडत. त्यांना पंखांची चित्रं काढून देणारा माणूस हवा होता, आणि आमच्या हेडमास्तरांनी माझं नाव सुचवलं. मीही लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर माशांसाठी नव्हे. कार्तिकात आंबोलीच्या देवळात सप्ताह असे आणि तुळसुलीकरबुवांची कीर्तनं ऐकायला मिळत.

ही माशी तुम्हीही पाहिलेली असेल. दिव्याभोवती येते, डासासारखी दिसते, पण डासाच्या पाचपट मोठी. पाय लांबच लांब, आणि इतके हलके की नुसतं बोट लागलं तरी एखादा गळून हातात येतो. लोक तिला मोठा डास समजून चपलेनं मारतात. बिचारी कुणालाही चावत नाही. बुवांनी एकदा मला विचारलं, "तुमच्या त्या माशा खातात तरी काय?" मी म्हटलं, मोठेपणी बहुतेक काहीच खात नाहीत. बुवा म्हणाले, "मग त्यांना सप्ताहाला घेऊन या. प्रसादाचा खर्च नाही."

कुमुदबाईंचं काम म्हणजे या माशांचे वंश लावणं. एका कुळात पुष्कळ वंश, एका वंशात पुष्कळ जाती. कुठली माशी कुठल्या वंशातली हे ठरवण्यासाठी एक प्रश्नमाळ असते, तिला त्या चावी म्हणत. प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं. मिशीला पेरी तेरा आहेत की त्याहून कमी? तेरा असली तर सातव्या प्रश्नाकडे जा, कमी असली तर तिसाव्याकडे. असं करत करत शेवटी वंशाच्या नावाशी पोचायचं. सगळ्यात जास्त प्रश्न पंखांतल्या शिरांचे, म्हणून चित्रकार लागतो.

त्यातली एक गोष्ट सांगितली की पुढचं सगळं कळेल. या माशीच्या पंखाच्या टोकाला शिरांनी केलेली एक लांबट खिडकी असते. त्या खिडकीला आडवे गज असतात, म्हणजे आडव्या शिरा. दोन गज असले की एक वंश, एकच गज असला की दुसरा वंश. कुठल्या तरी जुन्या परदेशी पुस्तकानं हे ठरवून ठेवलं होतं आणि सत्तर-ऐंशी वर्षं सगळे तेच धरून चालले होते. त्यांची लॅटिन नावं माझ्या जिभेवर बसेनात म्हणून मी दोन गजवालीला थोरली म्हणायचो आणि एक गजवालीला धाकटी. बाई आधी हसल्या, मग त्याही तेच म्हणायला लागल्या.

आदल्या दिवाळीत बाईंना ओढ्यावर एक माशी सापडली होती. तिच्या उजव्या पंखाच्या खिडकीला एकही गज नव्हता. थोरली नाही, धाकटी नाही. तिसराच वंश. आजवर कुणी न पाहिलेला.

तो दिवस मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. सुट्टीचा शेवटचा दिवस होता. बाईंना संध्याकाळची कोल्हापूरची गाडी धरायची होती. उजवा पंख आम्ही काचपट्टीवर बसवला होता, त्याचं चित्रही मी काढलं होतं. डावा पंख मिटून पोटाला चिकटला होता. तो मोकळा करून पाहायचं काम त्यांनी दुपारी माझ्यावर सोपवलं, कारण माझा हात हलका. मी करतो म्हटलं. मग चहा झाला, सामान बांधणं झालं, आणि देवळातून मृदंगावर हात पडल्याचा आवाज आला. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, डावा पाहिलात ना?"

मी अंगरखा चढवत होतो. म्हटलं, "पाहिला. तसाच आहे."

एवढंच. बाईंनी माशी डबीत ठेवली. तीन पाय आधीच गळलेले, अशी एकच माशी. तिला पुन्हा हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. मी देवळाकडे धावलो. बुवांनी त्या संध्याकाळी सुदाम्याचे पोहे लावले होते. काय रंग चढला होता म्हणून सांगू. मी पुढच्या ओळीत बसून डोळे पुसत होतो, आणि माझ्या मनाला कणभरही टोचणी नव्हती. चित्रकाराचा हिशेब सरळ असतो: उजवी बाजू काढली की पातळ कागद उलटा करायचा आणि डावी उमटवायची. देवळाच्या कमानी, गणपतीचे कान, फुलपाखरं, सगळं मी आयुष्यभर असंच काढत आलो होतो.

आणि आता वर्षानंतर त्या डाव्या पंखाच्या खिडकीत एक गज होता. धड, सरळ, ठसठशीत गज. उजव्या पंखानं नवा वंश, डाव्या पंखानं धाकटी.

मी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. खिडकीशी नेऊन पाहिलं. गज काही जाईना.

टेबलावर, माझ्या कोपरापाशीच, बाईंच्या लेखाची मुद्रितं पडली होती. कलकत्त्याच्या एका नियतकालिकात लेख छापून येणार होता. मुद्रितं तपासून तिसऱ्या दिवशी दुपारच्या टपालानं परत पाठवायची होती, सोबत दोन्ही पंख पसरलेल्या अख्ख्या माशीचं चित्र. संपादकांनी ते नव्यानं मागितलं म्हणूनच ती माशी बशीत आली होती. आणि डिसेंबरच्या नऊ तारखेला बाईंची विद्यापीठातल्या जागेसाठी मुलाखत होती. बारा वर्षं त्या कॉलेजात त्याच वर्गांना बेडूक फाडून दाखवत होत्या. त्या जागेवर गेल्या तर स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचे विद्यार्थी. अर्जात पहिल्याच ओळीत त्यांनी लिहिलं होतं की एक नवा वंश शोधला आहे, लेख छपाईत आहे.

मी पातळ कागद घेतला, उजव्या पंखाचं चित्र त्याच्यावर उतरवलं, कागद उलटा केला आणि डावा पंख उमटवला.

हे लिहिताना आजही हात अडखळतो, पण मी ते केलं. दिवसभर बसून केलं. चित्र असं उतरलं की तसं मी आधी कधी काढलं नव्हतं. बाई संध्याकाळी ओढ्यावरून आल्या, कंदील जवळ घेऊन चित्र बघत राहिल्या. म्हणाल्या, "मास्तर, यातलं तुमचं नाव मी मुद्दाम मोठ्या अक्षरात घालायला सांगणार आहे." सखाराम चहा ठेवता ठेवता वाकून बघून गेला आणि म्हणाला, ही तर आता उडात.

मी देवळात गेलो.

बुवांनी त्या दिवशी ध्रुवाचं आख्यान लावलं होतं. माझं सगळ्यात आवडतं. पूर्वरंग कधी संपला मला कळलं नाही. उत्तररंगात बुवा उभे राहून रानातल्या त्या लहानग्याच्या आवाजात देवाला हाक मारत होते, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, टाळ वाजत होते, आणि मी समोरच्या खांबावरचे पट्टे मोजत होतो. उजवीकडे किती, डावीकडे किती. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. ताप असताना मी कीर्तन ऐकलं आहे, आई गेली त्या पंधरवड्यात ऐकलं आहे, आणि ते कानात शिरलं आहे. त्या दिवशी शिरेना. नुसता आवाज येऊन बाहेरच्या बाहेर जात होता.

आरती झाल्यावर बुक्का लावायला पुढे गेलो. बुवांनी अंगठा कपाळावर टेकवला आणि हळूच विचारलं, "मास्तर, आज कुठे होतात?"

मी म्हटलं, इथेच तर होतो, समोर.

"बसला होतात. ते मी पाहिलं," बुवा म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्रितं वाचायला बसलो. त्याची एक रीत असते. एकानं मूळ लेख मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापील कागदावर बोट ठेवून ओळीमागून ओळ जायची. बाई वाचत होत्या, मी बोट ठेवून होतो. लेख इंग्रजीत, मला त्यातलं अर्धं कळे, पण अक्षरं जुळतात की नाही एवढं बघायला ते पुरे. डोकं झालं, मिशी झाली, छाती झाली. मग पंख. बाईंनी वाचलं: खिडकीत आडवी शीर नाही, दोन्ही पंख सारखे.

माझं बोट त्या ओळीवर थांबलं.

"पुढे," बाई म्हणाल्या.

"बाई, इथे चूक आहे."

"कुठलं अक्षर?"

"अक्षर नाही." मी म्हटलं, "डावा पंख तसा नाही. त्याला एक गज आहे. मी काल सकाळी पाहिला."

बाई उठल्या, बशी खिडकीशी नेली, भिंग लावलं. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "गेल्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, पाहिला."

"पाहिला नव्हता. कीर्तन सुरू होत होतं."

त्या वळल्या. मला वाटलं ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, आणि ते जास्त कठीण गेलं. "अख्ख्या आंबोलीत तुमच्या कीर्तनाच्या आड यायला माझाच पंख सापडला?" असं म्हणून त्यांनी कालचं चित्र उचललं, उजेडात धरलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. "आणि हे? हे कालच काढलंत ना? पाहिल्यानंतर?"

मी मान हलवली.

"कुंचला द्या इकडे," त्या म्हणाल्या. मी दिला. त्यांनी तो आपल्या पेटीत ठेवला आणि पेटीला कडी घातली.

मग त्या बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. मी आत उभा, सखाराम स्वयंपाकघराच्या दारात उभा. त्यानं ऐकलं होतं, पण नीट समजलं नव्हतं. डाकबंगल्याच्या भिंती तशा पातळच. मला खूण करून त्यानं विचारलं, काय झालं. मी दोन वाक्यांत सांगितलं. तो तसाच ओल्या हातांनी पायरीपाशी गेला.

"बाय," तो म्हणाला, "माका तुमच्या शास्त्रातला काय कळणा नाय. पण मी भात शिजयतंय. शितावरसून भाताची परीक्षा होता खरी, पण एकच शीत चेपून कोण टोप उतरयणा नाय. दोन-तीन चेपूचीच लागतत."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या मनात काय म्हणत होत्या ते मला माहीत नाही. मग त्या आत आल्या, एका कागदावर काहीतरी लिहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोस्टात चला. एकटी गेले तर वाटेत विचार बदलेन."

आंबोलीचं पोस्ट तेव्हा एका खोलीचं होतं. पोस्टमास्तरांनी तारेचा कागद हातात घेऊन वाचला: छपाई थांबवा, नवा वंश नाही, पत्र मागाहून. त्यांनी चष्म्यावरून विचारलं, "वंश नाही म्हणजे? कुणाचं काही वाईट झालं का, बाई?" बाई म्हणाल्या, कुणाचं नाही, पाठवा. पोस्टमास्तर तरी हळहळलेच. त्यांनी तार लगेच खटखटवायला घेतली, आणि ती जाऊन संपेपर्यंत बाई पोस्टाच्या खिडकीच्या गजाला धरून उभ्या होत्या. मला त्यांच्या हाताकडे बघवेना.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, मी हेडमास्तरांना सांगून आजच परत जातो. त्या म्हणाल्या, "सुट्टी संपेपर्यंत तुम्ही कबूल केलंय. ओढ्यावर चला. तुम्ही फक्त पकडा. बघायचं ते मी बघते."

ओढा डाकबंगल्यापासून मैलभर. उंबराच्या सावलीत एक उभा कातळ आहे, त्याच्यावरून पाणी झिरपतं आणि हाताएवढं जाड शेवाळ वाढतं. गेल्या वर्षीची माशी तिथलीच. त्या शेवाळावर त्या बसतात आणि बसल्या बसल्या लांब पायांवर वरखाली हलत राहतात, जणू पाळण्यात. पन्नास एकत्र हलत असल्या की कातळच श्वास घेतोय असं वाटतं. गेल्या वर्षी बाईंनी चांगली एक सापडल्यावर जाळी आवरली होती. या वेळी त्या म्हणाल्या, जेवढ्या मिळतील तेवढ्या.

मी जाळी फिरवायचो, सखाराम कातळाच्या वरच्या अंगाला चढून हातानंच उचलायचा, बाई प्रत्येक माशी बाटलीत सोडायच्या. बाटलीच्या तळाशी औषध असे; दोन मिनिटांत माशी शांत होई. मला ते बघताना दर वेळी जड जाई. मी ओठातल्या ओठात राम म्हणायचो. बाईंना ते माहीत होतं. एरवी त्या थट्टा करत. त्या दिवशी केली नाही.

दुपार कलल्यावर सखारामानं वरून हाक दिली. "मास्तरानू, हंय येवा. ही दोगां एकमेकांक चिकटली हत. सोडवू की तशीच ठेवू?"

बाई माझ्या आधी पोचल्या. शेवाळाच्या एका झुपक्यावर नर-मादी पाठमोरी जुळून बसली होती. चारही पंख पसरलेले, उन्हाचा एक कवडसा बरोबर त्यांच्यावर. बाईंनी गळ्यातलं लहान भिंग डोळ्याला लावलं आणि इतक्या जवळ वाकल्या की त्यांचा श्वास लागून माशा हलल्या. मग त्यांनी मागे न बघता हात मागे केला.

"मास्तर, तुम्ही बघा. मी काय पाहिलं ते सांगत नाही. तुम्ही काय दिसतं ते सांगा."

मी भिंग घेतलं. मादीची खिडकी. मी दोनदा पाहिलं, डावी आणि उजवी वेगळी वेगळी. मग नराची.

"मादीला एकही गज नाही. दोन्ही पंखांत." माझा आवाज मलाच चमत्कारिक वाटला. "नराला दोन-दोन. बाई, हा नर तर थोरली आहे."

"मलाही तेच दिसलं," बाई म्हणाल्या.

आम्ही तिघं त्या कातळापाशी उकिडवे बसून त्या दोन माशांकडे बघत होतो. सखारामानं विचारलं, म्हणजे काय झालं? बाई म्हणाल्या, "अहो, पुस्तकाप्रमाणे ही दोघं एका वंशातली नाहीत. आणि यांनी पुस्तक वाचलेलं नाही."

सखाराम खो खो हसला. बाई पण हसल्या, सकाळपासून पहिल्यांदा, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ते कशानं भरले होते ते मी विचारलं नाही.

डाकबंगल्यात परतलो तेव्हा ऊन अजून होतं. बाईंनी टेबल व्हरांड्यात ओढलं. त्रेचाळीस माशा, शहाऐंशी पंख. त्यांनी पांढऱ्या कागदावर तीन रेघा मारल्या: गज नाही, एक गज, दोन गज. मग त्यांनी मला एक कोरी वही दिली. "मी मोजते, तुम्हीही मोजा. वेगळे बसा. माझा कागद बघायचा नाही, मी तुमचा बघणार नाही. शेवटी ताडून पाहू."

आम्ही व्हरांड्याच्या दोन टोकांना बसलो. माशी माझ्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून माझ्याकडे सखाराम बशीतून नेऊन पोचवत होता, देवाचं तबक न्यावं तसा, दोन्ही हातांनी. देवळातून मृदंगाचा आवाज आला. मी मान वर केली नाही. बाईंनी ते पाहिलं असावं, कारण त्या तिकडूनच म्हणाल्या, "मास्तर, जा. कीर्तन झाल्यावर राहिलेल्या बघा."

मी म्हटलं, अजून अकरा आहेत. त्या संपल्या की जाईन.

ताडून पाहिलं. एका माशीत फरक आला. मी लिहिलं होतं डाव्या पंखात एक, त्यांनी लिहिलं होतं दोन. दोघांनी मिळून पुन्हा पाहिली. एकच होता. "माझा डोळा थकला," बाई म्हणाल्या आणि आपला आकडा खोडला.

मग त्या माशा रेघांप्रमाणे मांडू लागल्या. आठ-दहा मांडेपर्यंत ठीक चाललं. पुढे घोळ सुरू झाला. एकीला उजवीकडे एक, डावीकडे दोन. तिला कुठे ठेवायची? एकीला डावीकडे नाही, उजवीकडे एक. एकीचा गज अर्ध्यावर येऊन थांबलेला. त्यांनी अशा माशा रेघांवरच ठेवल्या. बघता बघता रेघांवरच्या माशा रेघांमधल्या माशांपेक्षा जास्त झाल्या. बाईंनी थोडा वेळ त्या कागदाकडे पाहिलं. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेक माशी हलकेच सरकवत त्यांनी सगळ्या मधोमध आणल्या. थोरल्या, धाकट्या, बिनगजाच्या. रेघा रिकाम्या राहिल्या.

"एक," त्या म्हणाल्या. "तीन नाहीत. सगळी एकच."

मी कीर्तनाला पोचलो तेव्हा ते संपत आलं होतं. मागे दाराशी जागा मिळाली. बुवा कुठलं आख्यान लावून होते ते धड कळायच्या आतच आरती आली, पण जेवढं कानावर पडलं तेवढं सगळं आत गेलं. पहिल्या टाळीलाच माझे डोळे वाहायला लागले. शेजारच्या माणसाला वाटलं माझ्या घरी काही झालंय. त्यानं मला आपलं उपरणं दिलं.

दुसऱ्या दिवसापासून पेटीची कडी उघडी असे. कुंचला मात्र त्यांनी माझ्या हातात दिला नाही. मी माशा पकडत राहिलो, मोजत राहिलो, आणि सुट्टी संपल्यावर शाळेत गेलो. बाई कोल्हापूरला गेल्या. जाताना त्यांनी एवढंच सांगितलं की अर्जातली पहिली ओळ खोडल्याचं त्या स्वतः विद्यापीठाला कळवणार आहेत. मला वाटलं, संपलं. त्यांची जागा गेली, आणि माझ्यामुळे गेली. आमच्या गावच्या देवळात रोज काकड्याला उभा राहून मी एकच मागणं मागत होतो. काय ते सांगायला नको.

डिसेंबरच्या चौदा तारखेला, शनिवारी, मी सातवीला फुलदाणी काढायला शिकवत होतो. शिपाई म्हणाला, कुणी बाई आल्यात. व्हरांड्यात कुमुदबाई उभ्या होत्या, हातात प्रवासाची पिशवी. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "निकाल लागलेला नाही. आधी पाणी द्या."

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. तिघं जण होते समोर. त्यातल्या एकानं अर्ज पुढे केला आणि जरा खवचटपणेच विचारलं, म्हणजे तुम्ही शोधलेला वंश तुम्हीच मोडलात? बाई म्हणाल्या, "तीन मोडून एक केला, सर. त्यातले दोन माझे नव्हते." त्यांनी पिशवीतून ती जोडी काढून टेबलावर ठेवली, शेजारी शहाऐंशी पंखांचे आकडे, दोन हस्ताक्षरांतले. खवचट गृहस्थ चहा पीत राहिले. पण मधले एक म्हातारे होते, ते इतका वेळ बोललेच नव्हते. त्यांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं आणि बघायला लागले. चहा निवला. बाकीचे दोघं घड्याळाकडे बघायला लागले तरी हे बघतच होते.

"मग?" मी म्हटलं.

"मग त्यांनी विचारलं, या जुन्या चावीत एकंदर प्रश्न किती. मी म्हटलं, नव्याण्णव. म्हणाले, आणि असे ऐंशी-ऐंशी पंख बघून तुम्ही त्यातले किती तपासलेत? मी म्हटलं, एक." बाईंनी पेला खाली ठेवला. "त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. म्हणाले, राहिलेले अठ्ठ्याण्णव कोण तपासणार?"

वर्गात मुलांचा गलका वाढला होता. मला तो ऐकू येत होता आणि येतही नव्हता.

"मी तिथे काय बोलून बसले ते तुम्हाला समक्ष सांगावं म्हणून मी गाडी बदलून इकडे आले," बाई म्हणाल्या. पिशवीत हात घालून त्यांनी माझा कुंचला काढला, जुन्या कापडात गुंडाळलेला, आणि माझ्यापुढे धरला. "मी म्हटलं, आम्ही. आता तुम्ही नाही म्हणू नका, मास्तर."